न खोदलेल्या विहिरीचा वकील

मुकुंदराव वकील गेल्याची तार वसतिगृहात आली, ती मी तीनदा वाचली. इंग्रजीतल्या त्या चार शब्दांत न समजण्यासारखं काही नव्हतं... पण पुरतं समजल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही, ही सवय त्यांच्यामुळेच लागलेली. त्याला आता महिना झाला. मी त्यांच्या नात्यातला नाही, म्हणून त्यांच्यावर लिहावं की नाही, ठरत नव्हतं.

ते यवतमाळला सरकारी वकील होते, आणि आमची ओळख झाली ती माझ्या वडिलांवर खटला चालवायचा म्हणून. बा आमच्या दारव्ह्याजवळच्या तांड्याचा नाईक. त्याने सरकारी विहीर दगडमातीने बुजवली, अशी ठेकेदाराची फिर्याद होती. मुकुंदराव आधी जागा पाहायला सायकलवर आले.

"काय नाईक, विहीर कुठे लपवली?"

"साहेब, जे खंदलीच नाई ते बुजवू कशी?" बा म्हणाला. "बाया अजून नाल्यावरून पानी आनून राह्यल्या."

फिर्यादीतल्या विहिरीच्या जागी त्यांनी पहार मारायला लावली. हातभर खाली अखंड काळा खडक लागला. तो बोटांनी चाचपत ते बराच वेळ उकिडवे बसले. मग त्यांनी एक इंग्रजी कागद काढला. विहीर बांधून मिळाली, असं त्यात लिहिलेलं, आणि खाली बाचा अंगठा.

"मग हा अंगठा काहून दिला?" त्यांनी बाला विचारलं.

तो कागद बाला मीच वाचून दाखवला होता. तांड्यातला पहिला मॅट्रिक मी. ठेकेदाराच्या माणसासमोर 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. विहिरीचा शब्द तेवढा कळला होता. त्यावरून "विहिरीचा अर्ज आहे, दे अंगठा," असं मी ठोकून दिलं होतं. हे मी कसंबसं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"हेच कोर्टात सांगशील? नाहीतर बाप ठेकेदाराच्या लबाडीत सामील ठरेल."

बाविरुद्धची फिर्याद सोडून त्यांनी ठेकेदारावरच खटला लावला. ठेकेदार तालुक्याच्या पुढाऱ्याचा मेहुणा. कागदावरच्या विहिरी आणखीही गावांत निघाल्या, आणि सरकारी वकिली जाईल असे निरोप येऊ लागले. "सायकल माझी स्वतःची आहे," एवढंच ते म्हणाले.

कोर्टात ठेकेदाराच्या वकिलाने विचारलं, "कॉलेजात शिकता, आणि एवढं इंग्रजी कळलं नाही?" लोक हसले. मुकुंदरावांनी कागदांतून मान वर केली नाही... मला सावरायला वेळ देत होते, असं आज वाटतं.

"नाई समजलं," मी म्हणालो. "समजलं असं खोटं सांगितलं मी बाले."

ठेकेदाराला शिक्षा झाली, पुढाऱ्याची खुर्ची गेली. मुकुंदरावांनाही पुन्हा सरकारी वकील नेमलं नाही. सायकल शेवटपर्यंत होती.

तांड्यात आता खरी विहीर आहे. सुट्टीत मी तिच्या काठावर बसतो, लोक कागद घेऊन येतात. परवा एकाने शाई लावून अंगठा तयारच ठेवला होता. मी कागद दोनदा वाचला.

"काका, यातला एक शब्द मले येत नाई."

त्याने शेजारी बसलेल्या माझ्या बाच्याकडे पाहिलं. बाने 'थांब' अशी मान हलवली. मग काकाने अंगठा धोतराला पुसला.