शौआच्या वाटेतली बिननावाची जागा

लाओसच्या डोंगरातल्या ह्मोंग वस्त्यांमध्ये कुणी वारलं की वा मेंगला बोलावणं येई. प्रेताशेजारी उभा राहून तो वाट गायचा: माणूस जिथे जिथे राहिला ती गावं, शेवटच्यापासून उलटी, पार जन्मघरापर्यंत. तिथे पुरलेली जन्मावेळची स्वतःची वार वस्त्रासारखी अंगावर घेतल्याशिवाय आत्म्याला पूर्वजांकडे जाता येत नाही. एक मुक्काम जरी गळला, तरी आत्मा तिथेच घुटमळत राहतो.

शौआ म्हातारी पहाटे गेली. उन्हं आली तरी वा मेंग अंगणात येरझाऱ्याच घालत होता. ही रस्त्याकडेची वसाहत, आधी पा हॉक, त्याआधी नाम केंग, मग एकदम जन्मगाव. मधली दोन वर्षं कुठे गेली?

"लढाईत पळत होते म्हणे," शौआचा मुलगा तेंग म्हणाला. तो मिनीबस चालवायचा. "सोडा ना काका. एका थांब्यावर गाडी नाही थांबली तर काय पोचत नाही?"

"गाडी पोचते रे. थांब्यावरच्या उतारूचं काय?"

मागच्या दारी शौआची धाकटी बहीण यिआ मका सोलत होती. वा मेंग तिच्यापुढे उकिडवा बसला.

"त्या जागेचं नाव सांग, ताई."

"नाव ठेवलंच नव्हतं. आम्ही पोरं लहान. सैनिकांनी दरडावलं असतं तर लपायच्या जागेचं नाव बोलून गेलो असतो."

"मग मी गाऊ काय? माझं कपाळ?"

"गाणारा तू की मी?" ती फणकारली. मग हात थांबला. "जन्मगावातून ओढ्याने वर चढायचं. दोन कडे समोरासमोर येतात, तिथे डावीकडे कपार."

वा मेंगने गावांशिवाय कधी काही गायलं नव्हतं. तरी प्रेताशेजारी उभा राहून नाम केंगनंतर गायला: कडे, डावीकडे, कपार. मग कौल घ्यायला बांबूच्या दोन फाका जमिनीवर टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. मयताचा नकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. वाट गाऊन झाल्यावर वाजवायचा पावा घेऊन ताटकळलेला माणूस खाकरला.

"घाई आहे का तुला?" वा मेंग खेकसला.

तो ओढा त्याने मनात पुन्हा चढून पाहिला. चढून? लहानपणी शौआ चढून गेली होती. आता म्हातारी उलटी, नाम केंगकडून, खिंडीतून खाली येत होती.

"ओढ्याबरोबर खाली ये," त्याने सूर धरला, "कडे आले की उजवीकडे वळ."

एक फाक उताणी पडली, एक पालथी. मयताचा होकार.

वा मेंगने त्या फाकांकडे नीट पाहून घेतलं, आणि जन्मगावाचं नाव घेतलं.