दवंडी आक्का

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड चाले. त्यातला आक्कांच्या घरचा एखादा माग मध्येच थांबला, की शेजारच्या बायका हातातलं काम ठेवून कान टवकारत. पुढच्या मिनिटाला आक्का उंबऱ्यावर येणार, कमरेवर हात ठेवणार आणि ओरडणार, हे ठरलेलं. "अगं बायांनो, चुकलं गं माझं! धागा तुटलेला बघितलाच न्हाय, रेघ पडली साडीत!" समोरून कुणीतरी विचारी, "किती बोटं?" "चार बोटं!" "मग उसवा की, लई न्हाय." एवढं बोलणं झालं की आक्का आत जात, चार बोटं विणलेलं उसवत, तुटलेल्या धाग्याला गाठ मारत आणि माग पुन्हा सुरू करत. गल्लीनं त्यांचं नाव दवंडी आक्का ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता.

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले ती बेळगावात लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला. आमचं गाव निपाणीकडचं. आई घरी विड्या वळायची, आणि आमच्या घरात चुका लपवण्याची कला चांगलीच रुजलेली होती. कपबशी फुटली तर तुकडे परड्यात पुरायचे, कमी मार्कांची पत्रिका गादीखाली घालायची. मीही त्यात पटाईत होते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडणारी ही बाई बघितली, तेव्हा मला वाटलं, हिच्या डोक्यात थोडा फरक असावा.

तेव्हा मला यशस्वी व्हायचं वेड लागलं होतं. मोबाइलवर बघून मी यशस्वी माणसांच्या अकरा सवयी एका कागदावर उतरवल्या आणि तो भिंतीला चिकटवला. पहाटे पाचला उठणे, थंड पाण्यानं आंघोळ, रोज दहा पानं वाचन, आरशापुढं उभं राहून स्वतःचं कौतुक, वगैरे वगैरे. आक्कांनी तो कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. "पाचला उठून काय करतीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "यशस्वी लोक पाचला उठतात, आक्का." "व्हय? नळाला पाणी पाचलाच येतंय. मग आमच्या गल्लीतल्या समद्या बायका यशस्वीच म्हणायच्या की गं." त्यांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं आणि विचारलं, "आणि ह्यातलं काय चुकलं तर काय करायचं, ते कुठं लिवलंय?" ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. कागद पुढं पंधराएक दिवस भिंतीवर राहिला. पाचला मी उठले ती मात्र फक्त पाणी भरायला.

आक्कांची स्वतःची सवय एकच होती. त्या म्हणत, "चूक ताजी असताना सांगायची. शिळी झाली की वास येतोय." चार मागांपैकी दोन त्या स्वतः बघत, दोन एक कामगार बघायचा. तो "आक्का, चुकलं" म्हणत आला, तर त्याला आधी चहा मिळे आणि मग दोघं मिळून उसवायला बसत. पण त्यानं एखादी रेघ तशीच पुढं रेटली आणि ती आक्कांना नंतर दिसली, तर त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांनीही त्या घरासमोरून जायचं टाळावं अशी परिस्थिती असे. साडी घ्यायला व्यापारी आला की त्या घडी उलगडून आधी खोट दाखवत, मग काठ, मग पदर. व्यापारी हसायचा, पण बाकीच्यांच्या साड्या तो उलटसुलट करून बघायचा आणि आक्कांच्या तशाच उचलून न्यायचा.

या नियमाला एक अपवाद होता, तो सांगितलाच पाहिजे. आमटी खारट झाली तर ती चूक आक्कांची कधीच नसे. मिठाच्या पुड्याची असे, दुकानदाराची असे, एकदा तर माझी होती, आणि मी त्या दिवशी गावी होते.

ही सवय त्यांना कुठून लागली, ते त्यांनी एकदा मागासाठी धाग्याची कांडी भरता भरता सांगितलं. नवी नवरी असताना त्यांच्या हातच्या एका लग्नाच्या साडीत अडीच बोटं रेघ पडली होती. सासूच्या भीतीनं त्यांनी घडी घालताना ती आत घेतली. साडी गेली गल्लीतल्याच एका मुलीच्या लग्नात. सासरी ती उलगडली आणि बायकांनी त्या पोरीला धारेवर धरलं, की नेसायच्या आधीच साडी खराब केलीस. आक्कांना हे कळलं, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही. सहा वर्षांनी त्या मुलीसमोर बसून त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला वाटलं माझ्याच हातनं पिन लागून झालं. सहा वर्सं तेच ऐकून घेतलं की वो मी." हे सांगताना आक्कांचा हात थांबला होता. "माझी चूक, आणि ती पोरगी वागवत बसली," त्या म्हणाल्या. मी पुढची कांडी त्यांच्या हातात दिली.

कोर्स संपला आणि मला शहरातल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली; राहायला मी आक्कांकडंच होते. सहा महिने बघू, मग कायम करू, असं लॅबच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाच महिने नीट गेले. मग तो दिवस आला.

आमच्या भागात नाव लिहायची दुहेरी रीत आहे. महाराष्ट्राकडची माणसं स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहितात. इकडं कर्नाटकातल्या कागदपत्रांत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. त्या सकाळी तपासणीला दोन एस. बी. पाटील आले. एक बासष्ट वर्षांचे आजोबा, निपाणीजवळच्या खेड्यातले, आणि एक चौतीस वर्षांचे, बेळगावातलेच. दोघांचंही रक्त मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी. मी घाईत नळ्यांवर फक्त नाव लिहिलं, वय लिहिलं नाही. पुढं अदलाबदल झाली. अकराच्या सुमाराला मी दोघांना कागद दिले. आजोबा "सगळं बरं हाय म्हणा की" म्हणत खुशीत स्टँडकडं गेले. तरुण पाटील कागद पुन्हा पुन्हा वाचत बाहेर गेले.

पाऊण तासानं नळ्या आवरताना रक्त घेतल्याचा क्रम बघितला आणि अदलाबदल माझ्या लक्षात आली. मी दोन्ही नमुने पुन्हा लावून पाहिले. शंकाच उरली नाही. आजोबांच्या निपाणीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की आकडा वाढलेला असेल तर रुग्णाला आजच दाखल करावं लागेल. आकडा भलताच वाढलेला होता. आणि आजोबा तर मला सांगून गेले होते, की रिपोर्ट चांगला आलाय, आता निपाणीत गाडी बदलून कोगनोळीच्या पलीकडं भावाकडं जातो, आठ दिवस राहतो.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात काय आलं ते. कुणाला कळणार आहे? महिनाभरात नोकरी कायम होणार होती. घरी आईनं विड्या वळायचं कमी केलं होतं, माझ्या भरवशावर. चार दिवसांनी कुणी विचारलंच, तर मशीनकडं बोट दाखवता आलं असतं. मी अर्जावरच्या नंबरवर फोन लावला, आजोबांचा फोन बंद. मग आक्कांना लावला.

पलीकडून मागांचा आवाज आला. "थांब, बंद करते," आक्का ओरडल्या. मग शांतता झाली आणि मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "डाक्टरला सांगितलंस?"

"न्हाय अजून."

"मग मला कशाला सांगतीस? ठेव फोन."

आणि त्यांनीच ठेवला. मला इतका राग आला! दोन गोड शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? त्या रागाच्या भरातच मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

डॉक्टर कानडी घरातले, आमच्याशी मराठीत बोलत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अय्यो देवरे," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "किती वेळ झाला?" मी म्हटलं, "तास व्हायचाय." ते उठलेच. "मग अजून गाठता येईल. तू आधी त्या दुसऱ्या पाटलांना बघ, मी निपाणीला त्यांच्या डॉक्टरांना फोन लावतो."

दुसरे पाटील लांब गेलेच नव्हते. लॅबच्या बाहेर पायरीवर कागद हातात धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, हा रिपोर्ट तुमचा न्हाय. माझ्या हातनं अदलाबदल झाली. तुमचं सगळं चांगलं हाय."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "काय न्हाय झालं मला?"

"काय न्हाय."

मग मात्र त्यांचा आवाज चढला. "घरात बायकोला काय सांगू म्हणून बसलोय वो हितं! दोन लेकरं हायत मला! कळतंय का तुम्हाला?" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचं बरोबरच होतं. पाणी आणून दिलं, ते त्यांनी एका दमात प्यायलं, तोंडावरून हात फिरवला आणि एकदम विचारलं, "मग ही किडनी कुणाची म्हणायची?"

मी आजोबांचं सांगितलं. निपाणीची गाडी म्हणताच ते उभे राहिले. ते स्वतः सरकारी बसवर कंडक्टर होते, त्या दिवशी तपासणीसाठी रजेवर. "साडेअकराची गाडी असणार. आमचाच गडी हाय तिच्यावर," म्हणत त्यांनी फोन काढला. आधी कानडीत काहीतरी भरभर बोलणं झालं. मग फोनच्या स्पीकरवर मला धावत्या बसचा आवाज ऐकू आला आणि तिकडच्या कंडक्टरची हाक, "गाडीत एस. बी. पाटील कोण हाय?"

पाटलांनी फोनवर हात ठेवला. "तिघं उठलेत म्हणं," ते म्हणाले, आणि एवढ्या गडबडीतही आम्हा दोघांना हसू फुटलं. "लॅबचा कागद कुणाच्या पिशवीत हाय, ते इचार की लेका!" ते फोनवर ओरडले. थोड्या वेळानं आजोबांचा आवाज आला. गाडी संकेश्वरच्या अलीकडंच होती. मी त्यांची माफी मागितली, आणि कोगनोळीकडं न जाता निपाणीत उतरून थेट डॉक्टरांकडं जा म्हणून तीनदा सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं बाई, लवकर सांगितलंस."

त्याच दुपारी त्यांना दाखल करून घेतलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, की आप्पा घरी आलेत आणि बिनमिठाच्या जेवणावरून सगळ्यांशी भांडतायत. इतकं सुंदर भांडण मी जन्मात ऐकलं नाही.

डॉक्टरांनी संध्याकाळी मला बोलावलं. बोलणी खाल्ली, पोटभर खाल्ली. कायम व्हायला अजून तीन महिने लागतील, आणि उद्यापासून प्रत्येक नळीवर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि वय लिहिलं जाईल, असं त्यांनी सांगितलं. दाराशी गेल्यावर मागून म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर मला पुढच्या आठवड्यात कळलं असतं." मी जिन्यात बसून थोडं रडले. हे रडणं सुटल्याचं होतं.

खासबागेच्या स्टॉपवर उतरून मी चालत घरी आले. गल्लीत शिरले तर आक्का उंबऱ्यावर बसलेल्या. कामाच्या वेळेला त्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला बघून त्या उठल्या.

"राहिली नोकरी," मी म्हटलं. "आजोबा पण सापडले."

त्या परत खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. "तुझ्यावर फोन आपटला खरा," त्या म्हणाल्या, "पण मग कामात मनच लागंना गं माझं. सांग म्हणायला माझं काय जातंय? नोकरी तुझी जायची हुती." मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. आतून मागांचा आवाज येत होता, पण नेहमीपेक्षा कमी. वाकून बघितलं तर तीनच चालू होते.

"चौथा बिघडला काय?" मी विचारलं.

"न्हाय. दुपारी त्याच्यावरची साडी उतरली. नवी लावलीच न्हाय." त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. "म्हटलं, पोरीची नोकरी गेली तर उद्यापासनं तिला बसायला एक माग नको?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते तसंच राहू दिलं, मग मला कोपरानं ढोसलं.

"रडतीस काय? सांग की, लावू का आता नवी साडी?"

"लावा," मी म्हटलं.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या.