पाणी शेवटच्या श्लोकात

गल्लीत त्यांना सगळे दारजी म्हणत. ते दारं बनवतात म्हणून हे नाव पडलं, अशी बहुतेकांची समजूत. खरं तर शीख घरांत वडीलधाऱ्या माणसाला दारजी म्हणतात. मुलगी बापाला हाक मारायची, ती ऐकून गल्लीनं उचलली. दोन्ही अर्थ चपखल बसत होते, त्यामुळे दारजींनी कधी खुलासा केला नाही. मुळात ते मोजकंच बोलायचे.

त्यांची पहाट मात्र बोलकी असे. चारला उठून अंघोळ करायची, केस विंचरायचे, पगडी बांधायची आणि खिडकीखालच्या सतरंजीवर बसून सकाळचा पाठ म्हणायचा. गुरूंची ती वाणी त्यांना आईनं शिकवली होती, ते सात वर्षांचे असताना, केस विंचरता विंचरता, दिवसाला एक ओळ. तिच्या कडव्यांना पौडी म्हणतात, म्हणजे पायरी. अडतीस पायऱ्या आणि शेवटचा श्लोक दारजी वीस मिनिटांत चढून जात. पलीकडे स्वयंपाकघरात बायको कणीक मळता मळता आपला पाठ आपल्या चालीनं म्हणे. साडेसहाला कारखान्याचं कुलूप उघडलेलं असे.

एकसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी, सागाच्या फळीवर रंधा मारताना त्यांचा उजवा हात मधेच थांबला. रंधा खाली पडला. शेजारचा लोहार धावत आला तेव्हा दारजी लाकडाच्या भुशात बसले होते आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यात वेळेवर पोचले, म्हणून जीव वाचला. आठवड्याभरात पाय चालू लागला, हातही थोडा हलू लागला. वाचा मात्र गेली.

गेली म्हणजे एक शब्द उरला. "फळी."

"चहा घेणार का?" बायकोनं विचारलं.

"फळी," दारजी म्हणाले.

त्यांना चहाच म्हणायचं होतं. चहा डोळ्यांसमोर होता, कपासकट. पण जिभेवर यायच्या आत कुणीतरी शब्द बदलून ठेवायचं. मुलगी आली, तिला 'बस' म्हणायला गेले, तर फळी. डॉक्टरांना नाव सांगायला गेले, तर फळी. मुलगी तोंड फिरवून रडली. दोन दिवसांनी दारजींनी तेही बोलणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरी आल्यावरही पहाटे चारला डोळे उघडतच. बायको उजव्या हाताला आधार देई, कशीबशी पगडी बांधून देई, आणि ते सतरंजीवर नुसते बसून राहत. ज्याला चहा मागता येत नाही, तो देवाशी काय बोलणार?

पाचव्या दिवशी बायकोला राहवलं नाही. कणीक तशीच झाकून ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि मोठ्यानं पाठ म्हणू लागली. दोघांच्या वाटचा आपणच म्हणावा, एवढाच तिचा विचार. बाराव्या-तेराव्या पौडीपाशी तिची एक ओळ गाळली गेली. स्वयंपाकघरातही ती नेहमी गाळली जायची, पण तिथं कुणाला कळत नव्हतं.

दारजींनी कपाळाला आठी घातली आणि ती ओळ म्हटली.

स्वच्छ, अख्खी. मग पुढची. त्याच्या पुढचीही. बायको गप्प झाली. ते मात्र थांबले नाहीत. एकही अक्षर न अडखळता शेवटच्या श्लोकापर्यंत जाऊन पोचले.

"अहो," ती हलक्या आवाजात म्हणाली, "काय बोललात तुम्ही?"

दारजींनी तिच्याकडे पाहिलं, मन लावून जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "फळी."

आणि दोघंही कितीतरी दिवसांनी हसले.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना याचं फारसं नवल वाटलं नाही. "शब्द पुसले गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "तिकडे जायची वाट बुजली आहे. रोजचं तोंडपाठ असतं, ते वेगळ्या वाटेनं येतं. आपण त्याच वाटेनं जाऊ."

ती वाट किती लांबची आहे, ते एका दुपारी कळलं. दारजींना तहान लागली. पाठाची भाषा जुनी, घरातली बोली वेगळी, पण काही शब्द दोन्हीकडे तेच. पाणी हा शब्द मधल्या पायऱ्यांतही येतो, पण धावत्या ओळीत तिथं थांबता येईना; खात्रीची जागा शेवटच्या श्लोकातली. म्हणून दारजींनी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. बायकोला वाटलं, दुपारचीही भक्ती वाढली. वीस मिनिटांनी ते "पाणी"पाशी पोचले आणि तिथंच दात आवळून थांबले. "पाणी," ते पुन्हा म्हणाले. "पाणी."

ती पेला घेऊन आली. "तहान लागायच्या वीस मिनिटं आधीच सुरू करत जा," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

पुढं ते शेवटच्या पौडीपासून सुरू करू लागले, मग नुसत्या श्लोकापासून. पंधरा दिवसांत पाणी एकटं उभं राहिलं. त्याला लागूनच पिता आणि माता होते, तेही आले. त्यांनी बायकोला "माता" म्हणून हाक मारली तेव्हा ती मुलीला म्हणाली, "सगळा जन्म यांच्याबरोबर काढला आणि शेवटी यांची आई झाले."

मात्र एक गोष्ट दारजींना सलत होती. आणखी काही शब्द परत आल्यावर, एकदा पाठ संपला तेव्हा, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हे... म्हणतं." मग छातीवर हात ठेवला. "मी... नाही."

बायको म्हणाली, "आधी तरी तुम्ही कुठं म्हणत होता? पाठ संपला की तुमचं पहिलं वाक्य काय असायचं, सांगू? 'ती चौकट एक सूत कमी भरणार.'"

ते खरं होतं. चाळीस वर्षं तोंड पायऱ्या चढत होतं आणि डोकं बिजागऱ्या मोजत होतं. आता शब्द हवे होते, म्हणून एकेका ओळीवर थांबून पाहावं लागत होतं, इथं काय ठेवलं आहे ते. मधल्या चार पौड्या ऐकण्याविषयी आहेत. त्या ते नेहमी पळत पळत म्हणायचे. एका सकाळी ते तिथं एवढा वेळ थांबले की खिडकीत उजाडलं. पाठाला आता पाऊण तास लागतो. कारखाना साडेआठला उघडतो आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात.

शे-दोनशे शब्द परत आले. बाईंनी सांगितलं, याहून फार येणार नाहीत. दारजींना तेवढे पुरतात.

गेल्या महिन्यात एक बाई रुंद दाराचं काम घेऊन आली. सासूला असाच झटका आला होता आणि चाकांची खुर्ची दारातून जात नव्हती. दारजी माप घ्यायला गेले. म्हातारी खिडकीशी मुकी बसली होती.

"रोज... काय म्हणायच्या?" त्यांनी सुनेला विचारलं.

"देवाचं काहीच नाही हो. जन्मभर तिकीटखिडकीवर होत्या. 'पुढचे कोण' एवढंच."

दारजी खुर्चीसमोर जाऊन रांगेत उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि वाट पाहू लागले. बराच वेळ गेला. सून काही बोलणार होती, तेवढ्यात म्हातारीनं मान वर केली.

"पुढचे कोण?"

"मी," दारजी म्हणाले.