दारावरचं लाल फडकं

रुपालीच्या दाराला लाल फडकं बांधायची अक्कल माझीच. मी ज्ञानेश्वर, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, राहणार वैशाखरे. तीस वर्षं लोकांना 'पुढे सरका' सांगण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्याला शिस्त लावायची खाज अजून जिरलेली नाही.

रुपाली ही माझ्या शेजारच्या नवसूची मुलगी. ठाण्याच्या एका कंपनीत लागली, तेव्हा मुरबाड, कल्याण, ठाणे असा रोजचा प्रवास करून पोर वाळून गेली होती. कंपनीनं घरून काम करायला सांगितलं, त्या दिवशी तिच्या आईनं, मालूवहिनीनं, गावदेवीला नारळ फोडला. ओटीलगतच्या खोलीत टेबल आलं, लॅपटॉप आला. कानाला हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांना उत्तरं द्यायची, असं तिचं काम. पोर डोळ्यांसमोर राहील, चार घास वेळेवर खाईल, एवढंच आम्हा सगळ्यांना हवं होतं.

अडचण होती ती आमच्या गावाची. आमच्याकडे दारावरून जाणारा माणूस मुकाट जात नाही. 'काय करतेस गो?', 'जेवलीस का?' अशी हाक टाकतो. आतून ओ आली तर पुढे जातो, नाही आली तर दारातून डोकं आत घालून बघतो. एकदा रुपालीची साहेबांबरोबर मीटिंग चालली होती. तेवढ्यात वरच्या आळीची हिराबाई खिडकीशी आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "गो पोरी, वालाच्या शेंगा देव का?" तिकडचे लोक हसले म्हणे. संध्याकाळी रुपालीचं उतरलेलं तोंड बघून मला राग आला आणि मी नियम काढला. मीटिंग असली की कडीला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की त्या दारावर हाक मारायची नाही. मी घरोघर जाऊन हे बजावलं. हिराबाईला दोनदा बजावलं.

गावानं नियम पाळला, तोही किती! बाया हंडे घेऊन मागच्या वाटेनं जायला लागल्या. नवसूनं कोंबड्यांचा खुराडा परड्याच्या टोकाला नेला. मी तर त्या दारासमोरून चपला न वाजवता जायचो, आणि पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो की आमच्याकडे घरात हापिस आहे.

सुरुवातीला फडकं तासाभरानं सुटायचं. मग मीटिंगा वाढल्या. सारखं सोडबांध कोण करणार, म्हणून ते दिवसभर तसंच राहायला लागलं. दिवाळीपर्यंत उन्हानं विटलं, पण कडीवरून हललं नाही. रुपाली बाहेर दिसेनाशी झाली. मालूवहिनी एकदा म्हणाली, "भावजी, पोरगी धड जेवत नाय. ताट तसंच मागं येतं. बोलत पण नाय जास्त."

"वहिनी, कामाचा माणूस असाच असतो," मी म्हणालो. उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं?

भाताच्या झोडणीचे दिवस आले. नवसू आणि मालूवहिनी सकाळीच खळ्यावर जायची ती संध्याकाळी परतायची. त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी दुकानात चाललो होतो. रुपालीच्या खोलीतून लॅपटॉपची रिंग ऐकू आली. वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. मी थांबलो. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. पण कडीला फडकं होतं. मीटिंगची गडबड असेल असं म्हणून मी हळूच पुढे गेलो. परत येताना तेच. पुन्हा थांबलो, पुन्हा फडकं बघितलं आणि घरी येऊन जेवलो.

एक वाजता हिराबाई आली. माझा नियम तिला कधी पटलाच नव्हता, माझ्या धाकानं गप्प बसायची; त्या दिवशी मात्र रिंग ऐकून तिला राहवलं नाही. तिनं हाक मारली, ओ आली नाही. दुसऱ्यांदा मारली आणि दार ढकललं. तिची आरोळी ऐकून मी धावलो. रुपाली खुर्चीजवळ जमिनीवर पडली होती. डोळे उघडे होते, ओठ पांढरे पडले होते.

जीपमधून तिला टोकावड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं. अंगात पाणी नाही, रक्त कमी, पाठ आखडून लाकूड झालेली. पाणी का पीत नव्हतीस, असं त्यांनी विचारलं. संडास परड्यात. मीटिंगमधून उठून तिथवर जायला वेळ व्हायचा, म्हणून रुपाली पाणीच कमी प्यायची. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या.

संध्याकाळी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. ती म्हणाली, "काका, तुमी दोनदा आलात ना दाराशी?"

मी मान डोलावली.

"मला ऐकायला येत होतं. तुमी थांबलात नि गेलात. हाक मारायची होती, पण आवाजच निघंना." मग म्हणाली, "सहा महिन्यांत दारावरून कोणी माझं नाव घेतलं नाय, काका. मला वाटलं, सगळ्यांनी सोडलं."

तीस वर्षांत मी गाडीतून कोणा म्हाताऱ्याला कधी चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही. आणि शेजारची पोर मरणाच्या दारात पडली असताना मी चपला न वाजवता निघून आलो. माझा पोकळ मोठेपणा तिच्या जिवावर उठला होता. ही लाज मला जन्मभर पुरेल.

घरी आल्यावर फडकं मीच काढलं. गाठ इतकी घट्ट झाली होती की विळ्यानं कापावी लागली. रुपालीनं साहेबांना स्पष्ट सांगून टाकलं, दर दोन तासांनी ती उठणार. आता ती ओटीवर येऊन पाणी पिते, खळ्यापर्यंत चालून येते. बाया पुन्हा पुढच्या वाटेनं जातात. मी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा हाक मारतो, ओ आल्याशिवाय हलत नाही.

परवा दुपारी 'जेवलीस का?' अशी हाक मारली, तर ओ यायला वेळ लागला. मी चपलांसकट आत शिरलो. रुपाली टेबलाशी होती, स्क्रीनवर आठ-दहा चेहरे. मी ओशाळून मागे सरलो. तिनं हातानं मला थांबवलं.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. "दारात आमचे काका आलेत. त्यांना ओ द्यायचीय."

मग कानावरचं काढून माझ्याकडे वळली. "जेवले, काका."