कपाट बंद ठेवा

मी वीस वर्षं राजकारण केलं. म्हणजे सभेच्या आधी सतरंज्या अंथरल्या, सभा संपली की झटकून उचलल्या आणि मधल्या वेळेत टाळ्या वाजवल्या. पुढारी बदलले, झेंडे बदलले, सतरंज्या मात्र त्याच. पण खरं सांगतो, मला ते काम जाम आवडायचं.

निरवांगीच्या अलीकडं आमचं गाव. सरपंचाची जागा त्या वर्षी खुली होती आणि माझ्या डोक्यात एकच नाव होतं, आमच्या ताईंचं. ताई म्हणजे भेंडी आणि डाळिंबं स्वतः टेम्पोत घालून इंदापूरच्या बाजारात नेणारी बाई. कालव्याच्या चारीला पाणी सुटलं नाही की बाप्ये पारावर बसून शिव्या द्यायचे, ताई थेट पाटबंधारेच्या साहेबांना फोन लावायच्या. गावातली जुनी मंडळी म्हणाली, "बाई चांगली हाय, पण खुल्या जागेवर मतदान झालं तर बाई पडणार. बिनविरोध होत असंल तरच बघा."

झालं, मला चेव चढला. भर पारावर मी बोलून बसलो, "ताई, तुमाला बिनविरोध करून दावतो. न्हाय केलं, तर पुन्हा सतरंजीला हात लावणार न्हाय!"

तरी ताईंच्या समोर पाच अर्ज आलेच. छाननीत ताईंचा अर्ज उडालाच तर आपला माणूस मैदानात असावा, म्हणून एक डमी अर्जही भरून ठेवला होता. मी कच्चं काम करतच नाही. मग पाचांच्या मागं लागलो. कुणाच्या बायकोला गाठलं, कुणाच्या मेव्हण्याला. चार जणांनी माघार घेतली. पाचवे आमचे तात्या, शेवटच्या दिवशी फोन बंद करून लेकीकडं काटेवाडीला जाऊन बसले. माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत, तीही इंदापूरच्या तहसीलमध्ये. मी गाडीला किक मारली.

तात्या गोठ्यात खाटेवर बसून चहा पीत होते. मला बघून तोंड फिरवलं.

"तुझ्या पुतण्याच्या लग्नात समद्यांना फेटं बांधलं. माझं डोस्कं तेवढं दिसलं न्हाय व्हय रं?"

अरे देवा! दोन वर्षांचा रुसवा, आणि त्यापायी माणसानं सरपंचपदाचा अर्ज भरला होता. मी वाद घातला नाही. तसाच बारामतीला गेलो, गुलाबी फेटा घेतला, परत आलो आणि गाईगुरांच्या साक्षीनं तात्यांना बांधायला लागलो. चौथ्या वेळी कसाबसा बसला. तात्यांनी लेकीच्या दारातल्या टेम्पोच्या आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "चल, कुठं सही करायची?" तवर दीड वाजून गेला होता.

पुढं काय सांगू! उसाच्या जोडट्रॉल्या हलायचं नाव घेईनात. लासुर्ण्याच्या पुढं मागून आवाज, "आरं थांबीव, फेटा सुटला!" मी ओरडलो, "तात्या, हातानं धरा!" निमगाव केतकीच्या बाजारात लोक वळून वळून बघत होते. मला हसू आवरेना, तात्या पाठीत बुक्क्या घालत होते.

तहसीलमध्ये शिरलो तेव्हा तीनला पाच कमी. तात्यांनी एका हातानं फेटा धरला, दुसऱ्या हातानं सही केली. आमच्या पोरांनी गुलाल उधळला, तिथं वाट बघत थांबलेल्या ताईंना मी पेढा भरवला, तात्यांना मिठी मारली. तीन वाजले. मग निवडणुकीचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "जरा थांबा. अजून दोन अर्ज शिल्लक आहेत." आणि त्यांनी ताईंच्या पाठोपाठ माझं नाव वाचलं.

डमी अर्ज! माझाच! साऱ्या गावाला माघार घ्यायला लावली आणि स्वतःचा मागं घ्यायचा राहिला. मी पाया पडलो, पण साहेबांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. वर मला चिन्ह दिलं, कपाट. ताईंना शिलाई मशीन. ताईंच्या हातात अर्धा पेढा तसाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावात बोभाटा झाला, "ह्यानं डाव साधला." मग मी पेटलो. दारोदार फिरलो आणि म्हणालो, "कपाट बंद ठेवा! मशीन चालवा!" स्वतःच्याच विरोधात भोंगा लावून फिरणारा उमेदवार गावानं पहिल्यांदाच बघितला. बायका पोट धरधरून हसायच्या. बायको म्हणाली, "अवं, निदान स्वतःला शिव्या तरी देऊ नका."

मतदानाच्या दिवशी यंत्रापुढं उभा राहिलो. वीस वर्षं दुसऱ्यांची नावं भिंतीवर रंगवली, आज तिथं माझं छापील नाव होतं. त्याच्यावरनं हळूच बोट फिरवलं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग मशीनचं बटण दाबलं आणि बाहेर आलो.

मोजणीत ताई दणक्यात आल्या. मला मत पडलं एक.

सगळ्यांनी बायकोला धरलं. ती फणकारली, "मी कशाला देऊ? हे सरपंच झालं असतं तर घरी जेवायला तरी आलं असतं का?" म्हणजे लोकांच्या लेखी ते मत माझंच. शपथा घेऊन थकलो, कुणी ऐकंना.

ताईंनी पदभार घेतला त्या दिवशी पंचायतीसमोर सभा झाली. माणसं पांगली. मी शब्दाला जागून हात खिशात घालून उभा होतो. बघतो तर ताई वाकून एकट्याच सतरंजी गुंडाळत होत्या.

"ताई, अवं, तुमी सरपंच हाय!"

"मग सरपंचाला हात न्हाईत व्हय?" त्या वर न बघता म्हणाल्या. "भाऊ, ते एक मत माझं हाय."

त्यांनी आता मान वर केली.

"तुमी माझ्यापायी आपलंच नाव दारोदार पुसत फिरला. त्या नावापुढं भोपळा बघवला नसता मला. तुमच्या एका चुकीनं गावानं मला मतं टाकून निवडून दिलंय, कुणी पारावर बसून पद दिलेलं न्हाय." मग त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक माझ्यापुढं केलं. "आता धरा की, किती वेळ मी एकटी वढू?"

मी खिशातले हात काढले आणि टोक धरलं.