पायावर उभी असलेली

दिवा स्टेशनजवळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे. दर रविवारी तिथे एक बाई हमखास माझ्या पुढे असते. नाव मी कधी विचारलं नाही. आधी ती गावठी कोंबडीचा भाव विचारते, "बरं" म्हणते आणि स्वस्त बॉयलर कोंबड्यांच्या पिंजऱ्याकडे वळते. गावठी परवडणार नाही हे तिला घरून निघतानाच ठाऊक असतं, तरी विचारते.

मग पिंजऱ्यापुढे वाकून बराच वेळ बघते आणि बोट दाखवते. "ती दे. ती उभी आहे."

"काकू, सगळ्या सेमच असतात," दुकानदार म्हणतो.

"असू दे. गावाला आमच्या कोंबड्या अंगणभर फिरायच्या रे. ही निदान पायावर उभी तरी आहे."

मागचे लोक कुरकुरतात. मीही कुरकुरायचो. हल्ली मीसुद्धा उभी कोंबडी शोधतो.

गेल्या रविवारी एकही उभी नव्हती. सगळ्या स्वतःच्याच वजनाने छातीवर टेकून धापा टाकत होत्या. बाईने टाळी वाजवली, मग जाळीवर बांगड्या आपटल्या. "ऊठ गं," ती हळूच म्हणाली, "एक तरी ऊठ." जी उठली असती तीच कापली गेली असती. एकीने पंख फडफडवले, जरा वर झाली आणि परत बसली.



"दे कुठलीही," बाई म्हणाली. "पोरं वाट बघतायत."

आज, या रविवारी, तिने गावठीचा भाव विचारला नाही. पिंजऱ्याकडे पाठ करून तिने नुसती पिशवी पुढे केली.