अक्कांच्या शेंगा

कमलनगरात दर रविवारी आमची बैठक भरते. मनाच्या आजारावर गोळ्या घेणारे आम्ही आणि आमच्या घरचे, असे सगळे गोल करून बसतो. बैठक चालवणाऱ्या अक्का मधोमध भुईमुगाच्या शेंगा ओततात, प्रत्येकाला सोलायला लावतात आणि स्वतःही सोलतात. "हाताला काम असलं की बोलायला सोपं जातंय," म्हणतात. त्याही गोळ्या घेतात. बोलणाऱ्याकडे त्या कधी बघत नाहीत, पण कुणी दुसऱ्याचं दुखणं सांगू लागलं की त्यांचा हात थांबतो. माझी बायको माझं सांगू लागली, तेव्हा तिलाही त्यांनी अडवलं होतं. ती दोन दिवस फुगून होती. मला मात्र बरं वाटलं.

परवा एकजण बहिणीला घेऊन आला. "हिला झोप न्हाई, ही जेवायली न्हाई," त्याने सुरू केलं.

अक्कांचा हात थांबला. "सांगू का म्हणून तिला इचारलास का?"

"ती बोलतच न्हाई."

"मग तिचं ऱ्हाऊ दे. तुझं सांग."

तो शेंगा सोलू लागला. मग बहीणच खाली बघत म्हणाली, "त्यालाबी झोप न्हाई. माझ्यासाठी जागायलाय."

ती बोलली म्हणून आम्ही सगळे हरखलो. अक्कांचा हात तेवढा थांबलेला.

"त्याला इचारलीस का, बाई?"

तिने भावाकडे पाहिलं. "सांगू का, अण्णा?"

त्याने मान डोलावली, तेव्हा कुठे अक्कांनी हातातली शेंग फोडली.